सेप्सिसमध्ये रिपोर्टच्या आकड्याची वाट बघू नका, माणसाकडे बघा

रात्री साडेअकरा वाजता व्हॉट्सॲपवर लॅबच्या रिपोर्टचा फोटो येतो. खाली एक ओळ असते, "डॉक्टर, सीआरपी १८४ आलाय. आबा वाचतील ना?"

मी फोन लावतो आणि विचारतो, "आबा नीट बोलतायत का? श्वास कसा चाललाय? दुपारपासून लघवी झाली का?" उत्तर येतं, "तसं काही बघितलं नाही डॉक्टर. रिपोर्टची वाट बघत होतो."

जयगडला दवाखाना चालवताना असे फोन मला दर पावसाळ्यात येतात. त्यामुळे आज थोडं रागानेच लिहितोय. हा राग तुमच्यावर कमी आणि आम्हा डॉक्टरांवर जास्त आहे. रिपोर्टच्या आकड्याला देव मानायची सवय तुम्हाला आम्हीच लावली.

माझं म्हणणं सरळ आहे. तुमच्या माणसाचं पुढे काय होणार हे सेप्सिसमध्ये रक्ताची एकही तपासणी खात्रीने सांगू शकत नाही. पण त्या तपासणीची वाट बघण्यात गेलेला वेळ त्याच्या जिवावर बेतू शकतो.

सेप्सिस म्हणजे नेमकं काय?

लोक म्हणतात, "इन्फेक्शन रक्तात गेलं." हे अर्धंच खरं आहे. अनेक पेशंटच्या रक्तात जंतू सापडतही नाहीत. जंतुसंसर्ग फुफ्फुसात असेल, लघवीच्या मार्गात असेल, पोटात असेल, नाहीतर पायाच्या जखमेत असेल. शरीर त्याच्याशी लढायला उभं राहतं आणि त्या लढाईचा तोल जातो. जंतूंवर सोडलेल्या माऱ्यात आपलेच अवयव जखमी होतात. बीपी उतरतं, किडनी लघवी करणं कमी करते, फुफ्फुसं दमतात, मेंदू गोंधळतो. २०१६ साली ठरलेल्या व्याख्येचा मथितार्थ हाच आहे: संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणं आणि जीव धोक्यात येणं.

हा आजार दुर्मीळ नाही. २०१७ सालात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्याच्याशी संबंधित सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू झाले, असा अंदाज 'लॅन्सेट' या नियतकालिकात २०२० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे जगातल्या साधारण पाचांपैकी एका मृत्यूमागे सेप्सिस होता.

व्याख्या पुन्हा वाचा. तिच्यात "अवयव" आहेत, सीआरपी नाही. अवयव कसे चालले आहेत हे बऱ्याच अंशी माणसाकडे बघून कळतं.

मग या तपासण्या काय सांगतात?

तुमच्या फाइलमध्ये बहुतेक वेळा तीन नावं असतात.

*सीआरपी.* हे यकृतात तयार होणारं प्रथिन. १९३० साली न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. शरीरात कुठेही दाह झाला की ते वाढतं. संसर्गाने वाढतं, तसंच ऑपरेशननंतर, हाड मोडल्यावर, भाजल्यावर, संधिवातातही वाढतं. शिवाय ते सावकाश चढतं. आजार सुरू झाल्यावर टोकाला पोचायला त्याला दीड-दोन दिवस लागतात. म्हणजे आज सकाळी बिघडलेल्या पेशंटचा सीआरपी आज दुपारी बेताचाच असू शकतो.

*प्रोकॅल्सिटोनिन,* म्हणजे पीसीटी. १९९३ साली पॅरिसच्या डॉक्टरांनी दाखवलं की जिवाणूंच्या गंभीर संसर्गात हे खूप वाढतं. सीआरपीपेक्षा ते लवकर चढतं आणि जिवाणू संसर्गाकडे जास्त नेमकं बोट दाखवतं. पण मोठं ऑपरेशन, मोठी दुखापत, किडनीचा जुना आजार, मलेरिया यांतही ते वाढू शकतं. उलट एका जागी साठलेल्या पुवात किंवा अगदी सुरुवातीला ते कमी दिसू शकतं. या तपासणीला दोन-तीन हजार रुपये सहज लागतात.

*लॅक्टेट.* शरीराच्या पेशींवर ताण आला, त्यांना रक्तपुरवठा कमी पडला की हे वाढतं. तिघांत मला याचा सर्वात जास्त उपयोग होतो, पण याच्याही अटी आहेत. रक्त काढल्यावर ते लगेच तपासावं लागतं, नाहीतर नळीतल्या रक्तपेशी स्वतःच लॅक्टेट तयार करत राहतात आणि आकडा खोटा वाढतो. जयगडला काढलेलं रक्त मोटरसायकलवरून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर रत्नागिरीला गेलं, तर तिथे दिसणारा आकडा किती पेशंटचा आणि किती प्रवासाचा, हे तुम्हीच सांगा. फिट येऊन गेल्यावर, यकृताच्या आजारात, दम्याच्या काही औषधांनीही लॅक्टेट वाढतं.

आकडा भविष्य का सांगत नाही?

सेप्सिसमध्ये कोण वाचेल आणि कोण नाही हे सांगणारा रक्तातला घटक सापडावा म्हणून जगभर शोध चालू आहे. २०१० साली दोन संशोधकांनी मोजदाद केली, तेव्हा असे १७८ घटक अभ्यासले गेले होते. २०२० साली पुन्हा मोजले तर २५८ झाले. एखादा घटक खरोखर भरवशाचा असता तर अडीचशेची यादी कशाला लागली असती?

अभ्यास खोटे आहेत असं मी म्हणत नाही. ज्यांचं लॅक्टेट जास्त त्या गटात मृत्यू जास्त होतात, हे खरंच आहे. पण हे गटाबद्दल झालं. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागतो तेव्हा समुद्र खवळलेला आहे एवढं कळतं. कोणती होडी बुडणार आणि कोणती सुखरूप खाडीत येणार, हे बावटा सांगत नाही. ते होडी कशी आहे, तांडेल कोण आहे आणि होडी किती लवकर परत फिरवली यावर ठरतं. पीसीटीचंही तसंच आहे. त्याला तुमचे आबा माहीत नाहीत. त्यांना डायबेटिस आहे का, पू काढला का, अँटिबायोटिक किती वाजता सुरू झालं, यातलं काहीच त्या आकड्यात लिहिलेलं नसतं.

कुठला जंतू आहे हेही तो सांगत नाही. भात लावणीच्या दिवसांत पायाला चिरा पडलेल्या माणसाला ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले, की कोकणातल्या डॉक्टरच्या मनात आधी लेप्टो आला पाहिजे. झाडीत, गवतात काम करणाऱ्याच्या काखेत किंवा जांघेत सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा डाग दिसला, तर स्क्रब टायफस. २०१८ साली नागपूर आणि विदर्भात याची मोठी साथ आली होती. स्क्रब टायफसला डॉक्सिसायक्लिनसारखं साधं औषध लागतं. सलाईनमधून दिली जाणारी नेहमीची महागडी अँटिबायोटिक त्याच्यावर चालत नाहीत. तो डाग कपडे बाजूला करून शोधावा लागतो. त्याला पाच मिनिटं आणि नीट उजेड लागतो, तीन हजार रुपये नाहीत.

माझ्या हातून झालेली चूक

दुसऱ्यांना बोलण्याआधी माझं सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. पंचेचाळिशीचा एक खलाशी पाय दाखवायला आला. जाळं ओढताना माशाचा काटा घुसला होता, तिसरा दिवस होता. डायबेटिस होता, गोळ्या मनाला येईल तशा घ्यायचा. ताप होता, पाय सुजला होता आणि माणूस अस्वस्थ होता. मी गोळ्या दिल्या, रक्त रत्नागिरीला पाठवलं, त्यात पीसीटीही लिहिलं. "उद्या रिपोर्ट बघू, मग ठरवू," असं सांगून त्याला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट आला. पीसीटी ०.४. म्हणजे कागदावर धोका कमी. पण माणसाला धरून आणावं लागलं. पाय गुडघ्यापर्यंत निळा पडलेला, बीपी ८०. आम्ही १०८ बोलावली. रत्नागिरीला पोचल्यावर तिथल्या डॉक्टरांनी होईल ते सगळं केलं. तो पहाटे गेला.

नंतर मी त्याचा केसपेपर काढून बघितला. पहिल्या दिवशी मी त्याचे श्वास मोजले होते. मिनिटाला २६, माझ्याच अक्षरात लिहिलेले. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे श्वास साधारण १२ ते २० असतात. उत्तर माझ्यासमोर होतं आणि मी रत्नागिरीहून येणाऱ्या कागदाची वाट बघत बसलो. त्याच दिवशी पाठवला असता तर तो नक्की वाचला असता असं मी म्हणू शकत नाही. पण त्याला मिळायला हवी ती संधी मी त्याला दिली नाही.

मोठ्या आकड्याचीही भीती नको

आता उलट बाजू. साठी उलटलेली एक मासे विकणारी बाई. थंडी-ताप, कंबरेत दुखणं. शहरातल्या एका हॉस्पिटलात ॲडमिट केलं. पीसीटी नव्वदच्या वर. कुणीतरी तिच्या मुलांना सांगितलं, "एवढा आकडा म्हणजे काही खरं नाही." मुलांनी मला फोन केला, "डॉक्टर, पैसे घालवण्यात अर्थ आहे का? घरी आणू का आईला?"

मी विचारलं, सोनोग्राफीत काय आलं? मूत्रनलिकेत खडा अडकला होता आणि वरची किडनी तुंबली होती. मी म्हटलं, आधी तुंबलेलं मोकळं करायला सांगा, आकड्याचं नंतर बघू. त्याच रात्री स्टेंट टाकला. तिसऱ्या दिवशी ती चहा मागत होती. लघवीच्या मार्गातल्या अशा संसर्गात पीसीटी प्रचंड वाढतं, आणि तुंबलेलं वेळेत मोकळं झालं तर पेशंट सुधारतातही. ती अजून पाटी घेऊन जेटीवर बसते. मुलांनी आकडा ऐकून तिला घरी आणलं असतं, तर आकडा "खरा ठरला" असं आपण सगळे म्हणालो असतो.

कमी आकडा खोटा धीर देतो आणि मोठा आकडा खोटी निराशा. या दोन्हींत माणूस हातचा जातो.

मग तपासण्या नकोतच का?

असं मी म्हणत नाही. मी त्या लिहितो, पुढेही लिहीन. पण कामाच्या जागी.

पीसीटीचा खरा उपयोग अँटिबायोटिक *थांबवण्यासाठी* आहे. नेदरलँड्समधल्या आयसीयूंत झालेला एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात पीसीटी पुरेसं उतरल्यावर औषध थांबवायचा सल्ला दिला गेला. त्या गटात अँटिबायोटिकचे दिवस साधारण ७ वरून ५ वर आले आणि मृत्यू वाढले नाहीत, उलट कमी झाले. ब्रिटनमधल्या २,७६० पेशंटच्या अभ्यासातही (२०२५) पीसीटी रोज बघून औषधाचे दिवस सुमारे एकाने कमी झाले, कुणाच्या जिवाला धोका न होता. सीआरपी बघून मात्र असा फायदा झाला नाही.

*सुरू करण्याबाबत* मात्र जागतिक मार्गदर्शन वेगळं आहे. सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेनच्या २०२१ च्या सूचनांमध्ये म्हटलं आहे की अँटिबायोटिक कधी सुरू करायचं हे डॉक्टरने पेशंट तपासून ठरवावं, त्यासाठी पीसीटीचा आधार घेऊ नये. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. सुरू करायला पीसीटीची वाट बघतात आणि थांबवायची वेळ आली की कुणी ते करत नाही.

लॅक्टेटचंही एका आकड्यापेक्षा उतार महत्त्वाचा. उपचार सुरू झाल्यावर ते उतरतंय का हे बघायचं. आणि ब्लड कल्चर जरूर करावं, शक्यतो अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी. पण त्याचा निकाल यायला एक-दोन दिवस लागतात आणि औषध तोवर थांबत नाही. आनंद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली कॅनडा-अमेरिकेतल्या नोंदी तपासल्या. बीपी पडलेल्या सेप्सिसच्या पेशंटमध्ये पहिल्या सहा तासांत अँटिबायोटिकला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरामागे वाचणाऱ्यांचं प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घसरत होतं. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत घसरण एवढी मोठी आली नाही. पण शॉकमध्ये गेलेल्या पेशंटला अँटिबायोटिक तासाभरात द्यावं, हे त्या २०२१ च्या सूचनाही सांगतात.

गडचिरोलीने काय दाखवलं

"डॉक्टर, नुसतं बघून सेप्सिस कळतो का?" असं विचाराल, तर उत्तर आपल्या महाराष्ट्रातच आहे.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या थोडं शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. ३९ गावं. तिथे लॅब नाही, सीआरपी नाही. नवजात बाळाचं रडणं मंद झालं का, ते दूध ओढायचं थांबलं का, अंग गार किंवा गरम लागतंय का, हातपाय लुळे पडलेत का, श्वास ६० च्या वर गेला का, अशा खुणांवरून या बायका सेप्सिस ओळखायच्या आणि आईवडिलांच्या संमतीने घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने को-ट्रायमॉक्साझोल द्यायच्या. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. उपचार सुरू होण्याआधी सेप्सिस झालेल्या बाळांपैकी १६.६ टक्के दगावत होती, नंतर २.८ टक्के. बाळाच्या काळजीचा हा सगळा कार्यक्रम धरून त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले.

ती नवजात बाळं होती, तुमचे आबा सत्तरीचे आहेत, हे मला कळतं. मोठ्यांना घरी इंजेक्शन द्या असंही मी सुचवत नाही. पण नीट बघायला शिकवलेला माणूस वेळेवर जागेवर असेल, तर यंत्र नसतानाही जीव वाचतात, हे त्या बायकांनी सिद्ध केलं. रिपोर्टशिवाय पान न हलणाऱ्या आम्हा डॉक्टरांनी त्यांच्याकडून शिकायला हवं.

आयसीयूतलाही एक दाखला देतो. लॅटिन अमेरिकेतल्या २८ हॉस्पिटलांतल्या ४२४ पेशंटचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. सगळे सेप्टिक शॉकमध्ये. अर्ध्यांचे उपचार लॅक्टेट बघून केले. उरलेल्यांच्या तर्जनीच्या पेरावर काचेची पट्टी १० सेकंद दाबून धरायची आणि सोडल्यावर ३ सेकंदांत रंग परत येतो का ते बघायचं. बोट दाबून उपचार केलेल्या गटात २८ दिवसांत ३४.९ टक्के मृत्यू झाले, लॅक्टेटच्या गटात ४३.४ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक पक्का म्हणता येत नाही. पण बोट दाबून बघणं लॅक्टेटपेक्षा कमी ठरलं नाही, एवढं नक्की.

घरी काय बघाल?

कुणालाही संसर्ग आहे किंवा असावा असं वाटतंय (ताप, खोकला, लघवीची जळजळ, जखम, पोटदुखी), तर हे बघा:

- श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. शांत पडलेल्या मोठ्या माणसाचे २२ किंवा जास्त असतील तर थांबू नका.
- बोलणं असंबद्ध झालंय का, नेहमीपेक्षा सुस्त आहे का, घरच्यांना ओळखतोय का?
- अर्धा दिवस लघवीच नाही, किंवा अगदी थोडी आणि गडद.
- हातपाय गार, त्वचेवर निळसर जाळी, ओठ निळे.
- उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, घरात मशीन असेल तर वरचं बीपी १०० किंवा कमी.
- जखमेची सूज तासातासाला वर चढतेय, किंवा दिसतेय त्यापेक्षा दुखणं फार जास्त आहे.

म्हाताऱ्या माणसांना, डायबेटिस असलेल्यांना ताप नसतानाही सेप्सिस होतो. कधी अंग उलट थंड पडतं. "ताप उतरला, बरं वाटतंय" यावर विसंबू नका.

यातलं एक जरी दिसलं तर लॅबकडे जाऊ नका, दवाखान्यात या. दोन दिसली तर १०८ लावा आणि जिल्हा रुग्णालयाची वाट धरा. आपल्याकडून चाफ्यामार्गे रत्नागिरी गाठायला पावसात दीड तास लागतो, तोही गाडी दारात उभी असेल तर. आपल्या हातातला वेळ मुंबईच्या माणसापेक्षा आधीच कमी आहे. त्यातला अर्धा दिवस रिपोर्टला देऊ नका. उरलेल्या जुन्या अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊ नका आणि पेनकिलरचं इंजेक्शन मागू नका. किडनी आधीच संकटात असते.

डॉक्टरला काय विचाराल?

"आकडा किती आला?" हा प्रश्न सोडा. त्याऐवजी विचारा: संसर्ग कुठे आहे? पू किंवा अडथळा असेल तर तो कधी काढणार? अँटिबायोटिकचा पहिला डोस किती वाजता दिला? लघवी किती होतेय? कालच्यापेक्षा आज बरा आहे की वाईट? आणि ही तपासणी आली तर उपचारात काय बदलणार? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ती तपासणी थांबू शकते.

माझ्या व्यवसायबंधूंनाही हे बोचेल, तरी लिहितो. पेशंट तपासायला दहा मिनिटं लागतात, तपासणी लिहायला दहा सेकंद. उद्या काही झालं तर कागद आपली पाठ राखतो, नातेवाईक चिडले तर त्यांना दाखवता येतो. भीती खरी आहे, मी ती अनुभवली आहे. पण आपल्या भीतीचं बिल पेशंटच्या नावावर फाडायचा आपल्याला अधिकार नाही. "सेप्सिस प्रोफाइल" नावाचं पॅकेज रोजच्या रोज लिहिणाऱ्याने एकदा त्या कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्नही विचारून बघावं.

पुढच्या वेळी मला रात्री फोन कराल तेव्हा रिपोर्टचा फोटो नंतर पाठवा. आधी आबांजवळ बसा, घड्याळ लावून त्यांचे श्वास मोजा, त्यांचा हात हातात घ्या आणि गार लागतो का बघा, नाव विचारा. मग मला फोन करा.